दुप्पट काड्या, चौपट कागद

माझी बायको मनकर्णा येत्या मे महिन्यात शाळेतून निवृत्त होणार, आणि ही बातमी फुटल्यापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो, "टेलर, आता पतंग कोण करणार?" शिलाईचं कुणी विचारत नाही. पाथर्डीच्या पेठेत उभी हयात मशीन मारण्यात गेली, अर्ध्या तालुक्याच्या नवरदेवांचे सफारी या हातांनी शिवले, पण मला ओळखतात ते 'पतंगाच्या बाईंचे मालक' म्हणून. आधी याचा राग यायचा. आता त्या रागाचाही कंटाळा आलाय.

मनकर्णा मूळची अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाची. तिकडे पाऊस लागला की लागलाच, भाताची खाचरं, परसात बांबूची बेटं. जिल्हा तोच, पण तिथून पाथर्डीत येणं म्हणजे दुसऱ्या मुलखात येणं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "तुमच्याकडं सावली कुठं असते हो?" मी म्हणालो, "दुकानात." तेव्हापासून आमचं बोलणं असंच चाललंय.

तिला जिल्हा परिषदेची नोकरी होती आणि शाळा मिळाली चिंचदऱ्याची. डोंगराच्या पायथ्याची वाडी, सातवीपर्यंतची शाळा, जायला-यायला माणसं कोंबून नेणारी वडाप जीप. गाव सगळं ऊसतोडीचं. मोहट्याच्या देवीची नवरात्र उरकली की वाडीत ट्रक लागायचे. भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या आणि त्यावर पोरं, असं सगळं चढायचं आणि दिवाळी झाली की मागं म्हातारी माणसं, त्यांच्यापाशी ठेवलेलं एखादं पोर आणि कुत्री उरायची. होळी-पाडव्याला गाव परत भरायचं.

आता गंमत बघा. गणिताच्या पुस्तकात भूमितीचा बराचसा भाग मागच्या अंगाला असतो. पुस्तक करणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या गावातनं दिवाळीनंतर पोरं निघून जात नसतील. पण चिंचदऱ्याच्या पोरांनी बेरजा, वजाबाक्या, अपूर्णांक सगळं खाल्लं होतं आणि भूमितीचं मात्र तोंड पाहिलं नव्हतं. मनकर्णा घरी येऊन चिडून म्हणायची, "आमच्या पोरांना कोन माहीत नाही, कारण कोन थंडीत येतो."

म्हणून तिनं ठरवलं, भूमिती आषाढात घ्यायची. पण आषाढात वर्ग वेगळ्याच कारणानं ओस. नगरची पोरं पतंग उडवतात संक्रांतीला. आमच्या वाड्यांवर मात्र पतंग आषाढातला, नागपंचमीपर्यंतचा. पाऊस आमच्याकडं येत नाही, पण त्याचं वारं येतं. असलं वारं की दोरीवरचं धोतर शेजारच्या गावात सापडावं. मग पोरं कसली वर्गात बसतात, सगळी माळावर. मनकर्णा त्यांना हाकलून आणायला हातात छडी घेऊन माळावर गेली आणि संध्याकाळी घरी आली ती हातात पतंग घेऊन. छडी कुठं टाकली ते तिला आठवत नव्हतं.

"अहो, हा चौकोन आहे," ती मला म्हणाली.

"मला पतंग दिसतो," मी म्हणालो.

"तेच तर! त्यांनाही पतंगच दिसतो."

तिला पतंग उडवता यायचा नाही, अजूनही येत नाही. उडवायचं पोरांनी आणि बांधायचं बाईंनी, अशी वाटणी झाली. पण बांधायचं तरी कसं, हेही तिला पोरांकडूनच शिकावं लागलं. मधली उभी काडी म्हणजे ठड्डा, वाकवलेली आडवी ती कमान. ठड्ड्याला दोन जागी दोरा बांधून त्याची जी गाठ पुढं येते ते सुत्तर, त्यालाच मग उडवायचा दोर. हे शब्द तिनं फळ्याच्या डाव्या बाजूला लिहिले आणि उजव्या बाजूला पुस्तकातले. ठड्डा म्हणजे कर्ण. कमानही कर्णच. दोघं एकमेकांना कुठं भेटतात? काटकोनात. काटकोन आहे हे कशावरून? पोरांकडं गुण्या कुठला! तिनं कागद एकदा दुमडला, मग दुमडलेली कड कडेवर आणून परत दुमडला, आणि तो कोपरा काड्यांच्या फुलीत बसवून दाखवला. त्या दिवसापासून पोरं तसला कोपरा खिशात घेऊन हिंडायला लागली. दाराला लाव, खाटेला लाव, देवळाच्या पायरीला लाव. चिंचदऱ्यात सरळ काय आणि वाकडं काय याचा निकाल लागला, आणि त्यात सरपंचाचं नवं घर वाकडं निघालं. त्यावरून थोडी बोलाचालीही झाली.

माझं दुकान या भानगडीत कसं ओढलं गेलं तेही सांगतो. एकदा मी सदरा बेतत होतो आणि ती शेजारी येऊन बसली.

"कापड दुमडून का कापता?"

"दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून."

"याला सममिती म्हणतात."

"आम्ही याला शहाणपण म्हणतो."

झालं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेपा, खडू आणि जुन्या कात्र्या शाळेत. गिऱ्हाईक छाती मापायला उभं आणि मी टेप शोधतोय. टेप कुठं, तर चिंचदऱ्यात सहावीच्या वर्गात कमान मोजतेय.

पहिल्या वर्षी सगळे पतंग फसले. मापं अगदी बरोबर, कमान ठड्ड्याच्या दोन्ही बाजूंना सारखी, दुमडला तर कागद कागदावर बसतोय, आणि सोडला की पतंग एका अंगानं गिरक्या घेत जमिनीवर. पोरं खदाखदा हसली. "बाई, तिरकोन एकरूप हाय, पर टकुरं फिरलंय त्याचं!" मनकर्णा रात्रभर विचारात. बांबूच्या मुलखातली बाई ती, तिथं कामटी हवी तशी सारखी तासून घेता येते. इथं काड्या होत्या खराट्याच्या, बुडाला जाड आणि शेंड्याला बारीक. लांबी सारखी, पण वजन सारखं नाही. मग काडी मधोमध बोटावर तोलून जाड बाजू ब्लेडनं तासायची, हा पाठ पुस्तकात नव्हता, तो तिनं घातला. "लांबी मोजली म्हणजे सगळं मोजलं असं नाही," हे वाक्य तिनं फळ्यावर लिहिलं होतं, आणि ते कितीतरी दिवस कुणी पुसलं नाही.

मुख्याध्यापक काकासाहेब सर माणूस चांगला, पण कागदाला घाबरणारा. ते म्हणाले, "बाई, वार्षिक नियोजनात भूमिती जानेवारीत आहे." मनकर्णा म्हणाली, "सर, जानेवारीत पण शिकवते ना. पण मग ऐकायला तुम्ही बसा." सर बिचारे हसले आणि ऑफिसातली वर्तमानपत्रांची रद्दी तिच्या ताब्यात दिली. त्या रद्दीचे पतंग पंचमीला असे चढायचे की खालून मथळे वाचता यावेत. ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. माळावर पोरं, वारं, आणि पदर खोचून पतंगामागं धावणारी माझी बायको. तेव्हा आम्ही तरुण होतो असं नाही, पण तरुण असल्यासारखे वागत होतो.

या सगळ्यात एक पोरगी होती, आरती. सहादेव आणि लंकाबाईची थोरली. तिला 'का' विचारायची खोड. बाकीची पोरं पतंग उडाला की पळायची, ही उडालेला पतंग खाली ओढून विचारायची, "बाई, ह्यो उडाला का?" मनकर्णाला अशी पोरं फार आवडतात. मला घरी एकच पुरे झालं.

आरती सातवीत होती त्या वर्षी कारखान्यांचे बॉयलर लवकर पेटले. टोळ्या नवरात्र संपायच्या आत हलल्या. मनकर्णाचा त्रिकोण झाला होता, चौकोन झाला होता, परिमिती झाली होती, क्षेत्रफळ राहिलं. दरवर्षी आरती आजीपाशी गावात राहायची. त्या भादव्यात आजी वारली, म्हणून या खेपेला तिलाही श्रीरामपूरकडच्या ट्रकमध्ये चढावं लागलं, धाकट्या भावाला, करणला, सांभाळायला. तो दीड वर्षाचा. आणि थंडीत वाडीतल्या म्हाताऱ्यांकडून कळलं की टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या नात्यातलं एक स्थळ आरतीसाठी चाललंय. पोरगी तेरा वर्षांची. लग्न झालं की नवरा-बायकोची नवी जोडी, म्हणजे टोळीत आणखी एक कोयता. मग कसली सातवी आणि कसली आठवी.

मनकर्णा त्या रात्री जेवली नाही. मला म्हणाली, "संक्रांतीला आपण श्रीरामपूरकडं जायचं."

"कशाला?"

"तिचं क्षेत्रफळ राहिलंय."

"क्षेत्रफळ राहिलं म्हणून कुणी एसटीनं जातं का, मनकर्णा?"

"गिऱ्हाइकाची एक बाही राहिली तर तुम्ही त्याला तसंच पाठवता का?"

खरं कारण बाहीचं नव्हतं, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. पोरगी हातची निसटली तर तिला ते आयुष्यभर टोचलं असतं.

संक्रांतीच्या पहाटे तिळगूळ, बाजरीच्या भाकरी आणि गणिताचं पुस्तक पिशवीत घालून आम्ही निघालो. पाथर्डीहून नगर, नगरहून राहुरीमार्गे पुढं. त्या बाजूला गेलं की आमच्यासारख्या कोरड्या माणसाचे डोळेच फिरतात. जिकडं बघावं तिकडं ऊस. उतरलो आणि चौकशी केली तर जो तो हात वेगळ्याच दिशेला करतोय. "पाथर्डीची टोळी? इकडं बी हाय, तिकडं बी हाय." उन्हात पाटाच्या कडेनं चालून माझे पाय बोलायला लागले. मी म्हणालो, "चल, परत जाऊ. तिळगूळ कुणालाही देऊ."

मनकर्णा वर बघत होती. संक्रांत असल्यानं त्या गावच्या पोरांचे पतंग आभाळात होते, लहान, चपळ, बिनशेपटीचे, कापाकापी चाललेली. आणि उसाच्या पलीकडं, सगळ्यांपासून दूर, एक भला मोठा पतंग जागच्या जागी उभा होता. त्याला लांबलचक शेपटी. लुगड्याच्या पट्टीची असावी.

"ही आमच्या माळावरची शेपटी आहे," मनकर्णा म्हणाली आणि जी निघाली, ती मला मागं टाकून.

तोडलेल्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या होत्या. मोठी माणसं उसात गेलेली. एका कोपीच्या मेढीला खताच्या गोणीचा दोरा बांधलेला आणि त्याच्या वरच्या टोकाला तो पतंग. खाली गोधडीवर एक गुबगुबीत पोर मान वर करून टक लावून बघत बसलेलं. शेजारी आरती भांडी घासत होती. बाईंना बघितल्यावर ती उभी राहिली, आणि राखेचे हात मागं लपवले.

"बाई, तुमी?"

"आलो सहज," मनकर्णा म्हणाली. सहज! आमची सकाळ चार एसट्यांत गेली होती.

आरती जवळ आली, पाया पडली. मग रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "बाई, एक इचारायचं हुतं. कवापास्नं डोक्यात हाय."

"विचार की."

"हितं वारं न्हाई आपल्यासारखं. आपला खराट्याचा ल्हान पतंग उडंना. मी म्हनलं मोठा करावा. उसाचा तुरा लई हलका असतो, सरळ बी असतो, त्याच्या काड्या केल्या. आधीच्या पतंगापरीस ठड्डा दुप्पट, कमान दुप्पट. म्हनलं कागद बी दोन लागतील. एकाचे दोन. तर बाई, चार लागले! मी म्हनलं माझंच चुकलं, पुन्हा केला. पुन्हा चारच. असं का?"

मनकर्णानं माझ्याकडं बघितलं. पिशवीतलं पुस्तक तिनं बाहेर काढलंच नाही. ज्यासाठी ती भल्या पहाटे उठून आली होती, तो पाठ पोरगी स्वतःच करून बसली होती आणि वर त्याचं कारण विचारत होती. माझ्या बायकोचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला तिला वेळही झाला नाही.

"तूच सांग," ती म्हणाली.

आरतीनं जमिनीवर काडीनं एक चौकट काढली. तिला चिकटून दुसरी. मग थांबली. मग त्या दोघींच्या खाली आणखी दोन. "म्हंजी... रुंदीला बी वाढलाय आन उंचीला बी. दोन इकडं, आन दोन तिकडं. दोन दुनी चार." तिनं वर पाहिलं. "मग तिप्पट काड्या केल्या तर नऊ लागतील का बाई?"

"लागतील," मनकर्णा म्हणाली. "याला क्षेत्रफळ म्हणतात. तुझं झालं बघ."

मागून आवाज आला, "काय झालं तिचं?" लंकाबाई उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती. मागं सहादेव. दोघांच्या अंगाला चिकटलेली धूळ, हातांना उसाच्या पानांचे ओरखडे. भारा खाली टाकून लंकाबाईनं आधी करणला उचललं आणि मग पाणी प्यायली. पोर तिच्या मानेत तोंड खुपसून बसलं. आरती म्हणाली, "पतंग वर असला की ह्यो गप बसतो. न्हाईतर गाडीमागं पळतो. म्हून पतंग बांधून ठिवलाय."

तिळगूळ झाला. "गोड बोला" म्हणून झालं. मग मनकर्णानं विषय काढला, आणि गोड बोलणं तिथंच संपलं. ती म्हणाली, पोरगी तेरा वर्षांची आहे, हुशार आहे, स्थळबिळ बघणं पाप आहे. चांगली तावातावानं बोलली.

सहादेव शांत माणूस. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, मला काय हौस हाय व्हय? म्हातारी हुती तवर पोरगी गावात राहिली. आता कुनाच्या भरवशावर ठिवू? आन हितं आमी दोघं उसात, पोरगी वयात आलेली, कोपीला दार न्हाई. रोज सांजच्याला येईस्तवर जिवाला घोर. लगीन लावलं म्हंजी एक घोर तरी मिटंल. तुमी सांगा, मी काय करू?"

मनकर्णा म्हणाली, "आमच्या घरी ठेवा." मला विचारलं नाही, माझ्याकडं पाहिलं नाही. आमचा एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत, घर रिकामं, हे खरं. पण माणसानं निदान कोपरखळी तरी मारावी की नाही!

लंकाबाईनं करणची पाठ थोपटत विचारलं, "आन ह्यो?"

आरती गेली तर पोराला बघणार कोण? लंकाबाई त्याच्यापाशी बसली तर जोडी मोडणार, आणि निम्म्या जोडीला टोळीत काय किंमत. सहादेव जमिनीकडं बघायला लागला. आरतीचा चेहरा मी पाहिला आणि उगाच पाहिला असं झालं. ती भावाकडं बघत होती, आणि तिला सगळं कळत होतं.

"त्यालाही द्या," मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही. लोक म्हणतात टेलरचं काळीज मोठं. कसलं मोठं! नगरची शेवटची गाडी चुकेल याची मला काळजी लागली होती आणि ती कोंडी मला बघवेना, एवढंच. पण बोललो ते बोललो. मनकर्णा माझ्याकडं अशी बघायला लागली की लग्नातही तिनं तसं बघितलं नव्हतं.

सहादेव म्हणाला, "दादा, अंगावरनं उतरत न्हाई ते पोर."

लंकाबाई उठली. कोपीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात करणची दोन झबली आणि टोपडं, फडक्यात बांधलेली. तिनं नवऱ्याला विचारलं नाही, कुणालाच काही विचारलं नाही. ती आरतीला म्हणाली, "रातच्याला त्याला पानी पाजून निजव. न्हाईतर उठतो." आणि पोर माझ्या हातात दिलं. मग ती कोपीच्या मागं गेली, ती आम्ही निघेपर्यंत पुढं आली नाही.

करण राहुरीपर्यंत भोकाड पसरून रडला. अख्खी एसटी माझ्याकडं बघत होती, मी पोर पळवून चाललोय अशा नजरेनं. नगर आलं तेव्हा तो माझ्या सदऱ्याची बटणं मुठीत धरून झोपला होता.

नंतरचे दिवस कसे गेले विचारू नका. आरती सकाळी बाईंबरोबर जीपनं शाळेला, आणि करण दुकानात माझ्याकडं. मशीनच्या पायडलखाली बोट घालील, खडू खाईल, गिऱ्हाइकाच्या कापडावर मुतेल. मी त्याला चिंध्यांचा ढीग करून दिला, त्यात तो राजासारखा बसायचा. मला 'आबा' म्हणायला लागला. सत्तरीच्या गिऱ्हाइकांनी मला सुनावलं, "टेलर, या वयात?" मी म्हणायचो, देवाची कृपा. बाजारच्या दिवशी लंकाबाईचा फोन यायचा. पहिल्या-पहिल्यांदा करण आईचा आवाज ऐकून फोनला मिठी मारायचा आणि रडायचा. मग नुसता ऐकायचा. आणि एके दिवशी त्यानं फोन बाजूला सारला आणि चिंध्यांत खेळायला निघून गेला. मी लंकाबाईला सांगितलं, "झोपलाय." पलीकडून ती म्हणाली, "झोपू द्या."

आरतीचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला नको. ते स्थळ मोडलं. आरती आज नगरला नर्सिंग करते. गणितात काही मोठी झाली नाही, दहावीला तर काठावर निघाली. मनकर्णाला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही, मला मात्र वाटलं. एवढं पोर सांभाळलं, चार मार्क जास्त पडले असते तर काय बिघडलं असतं!

पण पाडव्याच्या आदल्या दिवशीची ती दुपार माझ्या मनातून जात नाही. टोळ्या परतल्या होत्या. लंकाबाई चिंचदऱ्याला घरी न जाता स्टँडवरून तडक माझ्या दुकानात आली, डोक्यावर बोचकं, पाय धुळीनं पांढरे. ती आणखी काळी पडली होती. बोचकं टाकून तिनं दोन्ही हात पुढं केले. "ये रं माझ्या राजा."

करणनं तिच्याकडं पाहिलं आणि माझ्या पायामागं लपला.

ती हसली. "लाजला," म्हणाली. परत हात पुढं केले. त्यानं माझी विजार घट्ट धरली आणि तोंड आत खुपसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला पुढं ढकलायला लागलो, "अरे, आई आहे तुझी, आई," तर ती म्हणाली, "ढकलू नगा, दादा. त्याचं त्याला यिऊ द्या." आणि दुकानाच्या पायरीवर बसली, त्याच्याकडं न बघता, रस्त्याकडं तोंड करून. मी मशीन बंद केलं. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या या म्हणालो.

सावली पायरीवरून उतरली तेव्हा मनकर्णा आणि आरती शाळेतून आल्या. आरती आईला बिलगली. कसलासा पेपर दाखवायला दप्तर उघडायला लागली. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, तिचं सगळं ऐकून घेतलं, पण डोळे आमच्याकडं, माझ्या पायापाशी. मनकर्णाच्या ते लक्षात आलं. ती शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "लंकाबाई, मुलं तुमचीच आहेत हो. दोन दिवसांत ओळखेल तो."

"वळखंल की," लंकाबाई म्हणाली. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मग तिनं मनकर्णाचा हात धरला आणि ती म्हणाली, "बाई, पुढल्या साली बी ठिवा. दोघं बी."

करण तेव्हाही माझा पाय सोडायला तयार नव्हता.